कोटातला बा

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते. खरं सांगू? हसायला वाचते. पांढरी साडी, उलटे पाय, गाडीसमोर अचानक आलेली बाई… सकाळच्या चहाबरोबर एखादा अनुभव वाचायचा आणि सुनेला म्हणायचं, ‘बघ गं, लोकांना किती रिकामा वेळ आहे!’ त्यामुळे आज मीच कागद-पेन घेऊन बसलेय याची घरात सगळ्यांना गंमत वाटतेय. वाटू दे.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि त्याला कारणं होती. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि तेरणा नदीत नेऊन सोडले. देवांबरोबर भुतंसुद्धा त्याच टोपलीत गेली, असं आमच्याकडे मोठ्या अभिमानानं सांगायचे. त्यात माझी नोकरी सरकारी दवाखान्यात, लॅब टेक्निशियनची. रक्त, लघवी, थुंकी. काचेखाली दिसलं तर आहे, दिसलं नाही तर नाही. अंगात येणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि त्यांचं हिमोग्लोबिनही पाहिलंय. असो.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खोडून ‘जि. लातूर’ लिहिणं चालू होतं आणि गावातल्या पेंटर लोकांची चांदी होती. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या खुर्च्या. पाऊस मात्र नव्या जिल्ह्यावर रुसलेला. मांजरा नदी आटलेली, विहिरींचे तळ दिसायला लागलेले, आणि दुपारी रस्त्यावर टँकरशिवाय दुसरं काही हलत नसायचं.

माझा मोठा भाऊ मनोहर – माय त्याला मनू म्हणायची, मी नुसतं भाऊ – कलेक्टर कचेरीत टंचाई शाखेत होता. कोणत्या गावाला टँकर जाणार याचे कागद त्याच्या टेबलावरून जायचे. त्याला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. तिथं तो, वहिनी, माय आणि मी. माझं लग्न व्हायचं होतं. भाऊ तिशीचा, उंच, भरल्या गालांचा, आणि कायम हसरा. टँकरसाठी भांडायला आलेला सरपंच चहा पिऊन हसत परत जायचा.

आमचा बा गोविंदा बाहत्तरच्या दुष्काळात गेला. औशाकडच्या एका रस्त्यावर खडी फोडायच्या कामाला तो होता. काम लांब, म्हणून तिथंच पालात राहायचा. माय आम्हाला घेऊन गावात. एक दिवस कामावरचा माणूस निरोप घेऊन आला. माय पायी निघाली, पण ती पोचेपर्यंत लोकांनी सगळं उरकलं होतं. बा कायम कुठल्यातरी कामावर लांब, त्यामुळे आम्हा भावंडांच्या डोक्यात त्याचं तोंड कधी पक्कं बसलंच नव्हतं, आणि त्याचा एकही फोटो नव्हता. फोटोला एक तर लग्नात फोटोवाला लागतो नाहीतर नोकरी लागते, आणि बाच्या नशिबात दोन्ही नव्हतं.

मायला त्याचंच वाईट वाटायचं. भाकरी थापता थापता मधेच थांबायची. “सुशे, तुज्या बाचं तोंड आता मला नीट दिसंना गं. धुरातून बगितल्यावानी दिसतंय.” मी म्हणायची, होतं असं, इतकी वर्षं झाली. ती मान हलवायची. “मी इसरले तर मंग त्याला वळखनारं कोन राहिलं?” आणि परत भाकरी थापायला लागायची.

तसबिरीचं भावाच्या डोक्यात आलं ते मात्र वेगळ्या कारणानं. नव्या जिल्ह्यात साहेब लोकांचं एकमेकांकडे चहापाणी सुरू झालं होतं. ज्याच्या घरी जावं त्याच्या हॉलमध्ये बाप टांगलेला! तैलचित्र, सोनेरी चौकट, खाली बल्ब. कुणाचा बाप फेटा बांधून, हातात चांदीच्या मुठीची काठी. कुणाचा वकिली काळ्या कोटात. एकाचा तर मांडीवर बंदूक घेऊन बसलेला, आणि मुलगा पुरवठा खात्यात! येणारा माणूस आधी भिंतीकडे बघायचा, मग साहेबाकडे. आमच्या हॉलमध्ये दोनच तसबिरी होत्या. एक बुद्धांची आणि दुसरी निळ्या कोटातली, जी आमच्या प्रत्येक घरात असते. ती कोणाची हे सांगायला नको.

“हॉलमधी बाप पायजे, सुशे,” भाऊ म्हणाला. “हे लोक समजतेत की आपुन जमिनीतून उगवलो. आपल्यामागंबी कोनीतरी हाय हे दिसू दे की.”

मी म्हटलं, फोटो कुठाय? तो म्हणाला, बघू.

लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत बसू पेंटरचं दुकान होतं. मूळचा उदगीरचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलण्यात मधेच कानडी. पाट्या रंगवून कंटाळा आला की तो तैलचित्रं करायचा. त्या दुकानात बसलेला पहिला धक्का मला अजून आठवतो. भिंतीला ओळीनं टेकवून ठेवलेली मोठमोठी चित्रं, सगळ्यांत रुबाबदार माणसं खुर्चीत बसलेली – आणि एकालाही डोकं नाही. कॉलरच्या वर नुसता राखाडी रंग.

“घाबरू नका बाई, धडं हायत ही,” बसू पेंटर म्हणाला. “रिकाम्या टायमाला करून ठेवतो. गिऱ्हाईक आलं, फोटो दिला, की वर तोंड बसवायचं. बोला सायेब, काय द्यायचं? वकील, आडत्या का पुढारी?”

भाऊ हसायला लागला. पेंटरनं मग एकेक धड दाखवलं. वकील म्हटलं की जाड पुस्तक. पुढारी म्हटलं की जाकीट आणि खिशात पेन. आडत्या असेल तर दोन्ही हात पुढे घ्यायचे, म्हणजे अंगठ्या दिसतात. मास्तर असेल तर साधी खुर्ची, मोठा माणूस असेल तर कोरीव काम केलेली आणि मागे पडदा. “तोंड कसंबी असू द्या,” तो म्हणाला, “मानसाची किंमत कळती ती गळ्याच्या खाली.”

भावानं जे धड निवडलं ते एका दालमिलवाल्यासाठी केलेलं होतं. त्याच्या घरच्यांनी नंतर बेत बदलला म्हणून ते पडून राहिलेलं. काळा बंद गळ्याचा कोट, गोल पोट, कोरीव खुर्ची. एक हात खुर्चीच्या दांडीवर, दुसरा पुस्तकावर. हात गोरे, गुबगुबीत, आणि डाव्या हाताच्या बोटात खड्याची अंगठी. पेंटरला बंद गळा आवडायचा, कारण मान आणि धडाचा सांधा कॉलरच्या आत झाकला जायचा.

“फोटो?” त्यानं विचारलं. भावानं नाही म्हणून सांगितलं.

“मंग तुमीच बसा. आमी असंच करतो. लेकाचं तोंड घ्यायचं आन् वर वय चढवायचं. घरातलं म्हातारं माणूस शेजारी बसवायचं, ते सांगतंय तसं करत जायचं.”

तर असं ते सुरू झालं. रविवारी बसू पेंटर क्वार्टरच्या व्हरांड्यात कॅनव्हास लावायचा. समोर स्टुलावर भाऊ आणि पेंटरच्या खांद्यामागे माय. उन्हानं रंग इतका भराभर वाळायचा की पेंटर सारखा तेल ओतत बसायचा. पहिल्या बैठकीत त्यानं हुबेहूब भाऊ काढला. मग मायनं तोंड उघडलं.

“केस पांडरे कर. कानापाशी जास्त… हां. भुवई जरा खाली. डोळं अजून खोल.”

पेंटर करत गेला. माय जवळ सरकत गेली. “गाल आत गेल्याले हुते त्याचे. डाव्या अंगाच्या दाढा पडल्या हुत्या ना, तिकडून जास्त आत. अजून. अजून आत घे.”

“माय, एवढा वाळका नको गं,” भाऊ स्टुलावरून म्हणाला, “कोटाला शोभंना.”

“मंग कोट काड. माजा माणूस असाच असंल शेवटाला. दुस्काळ हुता, लेकरा. खायला काय हुतं त्याला तितं?”

 पेंटरनं भावाकडे बघितलं, भावानं हातानं ‘करा’ म्हणून खूण केली. शेवटच्या बैठकीला मायच्या डोळ्यांना धार लागली. ती पुढे झाली आणि ओल्या रंगाला हात लागणार इतक्यात पेंटरनं तिला धरलं. “ह्योच,” ती म्हणाली. “ह्योच हाय. आता दिसला.”

चित्र भिंतीवर लागलं. कसं सांगू… खाली दालमिलचा मालक आणि वर उपाशी माणूस. पोटभर जेवलेल्या देहावर दुष्काळातलं तोंड. पण चौकट सोनेरी होती, कोट काळा होता, लोकांना तेवढं पुरे होतं. येणारे आदबीनं विचारायचे, “साहेबांचे वडील काय होते?” भाऊ म्हणायचा, “रस्त्याच्या कामावर होते.” “असं? इंजिनिअर?” भाऊ नुसता हसायचा. आत आल्यावर आम्ही दोघं तोंड दाबून हसायचो. त्या दिवसांत आमचं घर फार आनंदात होतं, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचंय.

मायनं तर बोळा फिरवल्यासारखं दुःख पुसलं. रोज सकाळी चित्र पुसायची, पौर्णिमेला हार घालायची. वहिनीला ते आवडायचं नाही. ती एकदा मला म्हणाली, “तोंड तर ह्यांचंच हाय ना ताई? जित्या माणसाच्या तोंडावर हार…” मी तिला झापलं. सुशिक्षित बाई असून असं बोलतेस म्हणून.

उन्हाळा चढत गेला आणि भावाचा चेहरा उतरायला लागला. आधी वाटलं काम. टंचाई शाखेत दिवसभर माणसं घागरी घेऊन यायची, रिकाम्या घागरी टेबलावर आपटायची. कोण सुकणार नाही? मग डावी दाढ हलायला लागली. ती काढली, तर शेजारची हलायला लागली. तिकडचा गाल आत गेला. कानापाशी केस पांढरे झाले. वहिनी तूप वाढायची, तो निमूट खायचा, पण मधेच थांबून गळ्याला हात लावायचा. “हितं अडकतंय गं काहीतरी.” बोट ठेवायचा ते अगदी जिथं कॉलर येते तिथं.

मी लॅबवाली. मी काय सोडते? रक्त तपासलं, साखर तपासली, थुंकी पुन्हा पुन्हा काचेवर घेतली. क्षय नाही. आमच्या डॉक्टरांनी सोलापूरला पाठवून गळ्याचा बेरियम एक्स-रे काढायला लावला. गळा साफ. तिथल्या डॉक्टरांनी थायरॉइडचं रक्त पुण्याला पाठवलं, तेही नॉर्मल. आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे त्याचं वजन कमी होत नव्हतं. डॉक्टर काट्याकडे बघायचे, भावाच्या तोंडाकडे बघायचे, आणि परत त्याला काट्यावर उभं करायचे.

एका दुपारी मी ड्युटीवरून घरी आले. भाऊ हॉलमध्ये खुर्चीत डोळे मिटून बसला होता, हात खुर्चीच्या दांडीवर. पलीकडच्या खिडकीतून सरळ ऊन त्याच्या हातावर पडलं होतं आणि माझं लक्ष तिथं गेलं. भावाचे हात मला पाठ होते. कॉलेजच्या सुट्ट्यांत आडतीवर पोती उचलून त्याच्या तळव्याला घट्टे पडले होते, ते कधी गेले नव्हते. ते घट्टे गेले होते. हात मऊ, गोरा, फुगलेला. आणि डाव्या हाताच्या बोटावर वळ – वर्षानुवर्षं अंगठी घालून ती काढल्यावर राहतो ना, तसा. भावानं जन्मात अंगठी घातली नव्हती.

मी वर भिंतीकडे बघितलं. मग खाली त्याच्याकडे. 

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “मला कवाच दिसलंय,” ती हळूच म्हणाली. “तुमी परत रागवाल म्हनून बोलले न्हाई.”

भावाला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “आज्यानं देव टोपलीत घालून नदीत सोडले, आन् आपुन पेंटर घरात आनला व्हय? सुशे, तू दवाखान्यात नोकरी करतीस का गावात अंगारा वाटतीस?” मला लाज वाटली. पण लाज वाटली तरी डोळ्यांना दिसतं ते दिसतंच.

माय तेव्हा मावशीकडे निलंग्याला गेली होती. मी बसू पेंटरला बोलावलं आणि म्हटलं, चेहऱ्याचे गाल भरा. डोळे वर काढा. केस काळे करा. कारण विचारू नका. त्यानं विचारलं नाही. बहुतेक त्यालाही भाऊ दारात दिसला होता. येताना हसतखेळत आलेला माणूस जाताना पैसे मोजायलाही थांबला नाही.

आता कोणी काहीही म्हणो. त्या आठवड्यात भाऊ जेवायला लागला. भाकरी, ठेचा, कांदा – वहिनीनं वाढावं आणि यानं मागावं. गळ्यात अडकायचं थांबलं. गालावर मांस दिसायला लागलं. वहिनी मला स्वयंपाकघरात मिठी मारून रडली. भाऊ म्हणायचा, सोलापूरच्या गोळ्यांचा गुण आहे. मी म्हणायची, हो बाबा, गोळ्यांचाच. म्हणजे माझी तरी दुसरं म्हणायची इच्छा नव्हती.

मग माय परत आली. पिशवी खाली ठेवून सवयीनं चित्रापाशी गेली आणि तिथंच थबकली.

“ह्यो कोन?”

 तिनं हार काढून घेतला. “माजा माणूस कुठं गेला? सुशे, ह्याला मी वळखत न्हाई. ह्यो कोन आनून बसवलाव?” ती स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवसापासून ती हॉलमध्ये पाय ठेवेना. ताट परत करायची. डोळे मिटून बसायची आणि मधेच घाबरून उघडायची. “आता धूरबी दिसंना,” म्हणायची. “समदंच गेलं.”

मी तिला सगळं सांगितलं. हात, वळ, गाल, सगळं. तिनं ऐकून घेतलं. तिला पटलं की नाही मला कळलं नाही. ती फक्त म्हणाली, “मनूला इचार.”

भाऊ चिडला. पहिल्यांदाच चिडलेला पाहिला मी त्याला. “माझ्यापायी मायला उपाशी मारायलीस का तू? चित्रामुळं माणूस वाळत असता तर दुस्काळ कशाला लागला असता? एकेक चित्र काढून घराघरात लावलं असतं!” मग आवाज खाली आणून म्हणाला, “ऐक. आपल्या लोकांनी लई मोल देऊन हे समदं सोडलंय. मला कायबी झालं तरी चालंल, पन माझ्या घरात म्होरल्या पिढीला कोनी म्हनू नये की मनोहर तसबिरीला भ्याला.”

त्यानं चित्र उतरवून टेबलावर आडवं ठेवलं, चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि स्वतःच्या हातानं पुसायला लागला. नवा रंग वरच्या वर होता, लगेच सुटला. आधी काळे केस गेले, मग एक गाल, मग दुसरा. खालून जुना चेहरा वर येत गेला. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ‘नको’ म्हणाली नाही. ‘पूस’ असंही म्हणाली नाही. तिचा एक हात थोडासा उचलला गेला होता आणि तो तसाच हवेत राहिला. तो थांबवायला उचलला होता की चित्राकडे जायला, हे मी पुढे कितीदा विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही.

चित्र परत भिंतीवर गेलं आणि पेंटरला पुन्हा बोलवायचं नाही असं भावानं मला आणि वहिनीला बजावलं. त्यानंतर भाऊ झपाट्यानं खाली गेला. चेहऱ्याची कातडी हाडाला लागली. भाकरी गेली, भात गेला, मग पेज जाईना. शेवटी पाण्याचा घोटसुद्धा गळ्यातून परत यायचा. अख्ख्या जिल्ह्याला पाणी पाठवणारा माणूस, आणि आम्ही ओल्या कापसानं त्याचे ओठ भिजवत होतो. सलाईन लावायला मीच जायची. हात असा भरलेला, गुबगुबीत, की शीर सापडायची नाही. डॉक्टर म्हणायचे, असा पेशंट बघितला नाही. मी दुसऱ्या हातावर शीर शोधायला लागायची.  डॉक्टरांच्या पुढ्यात बसू पेंटरचं नाव घेणार?

तो एका दुपारी गेला. शुद्धीवर होता. वहिनीचा हात त्याच्या हातात होता. मला म्हणाला, “सुशे, चित्रानं न्हाई हां.” बस, तेवढंच.

दवाखान्याच्या कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं आहे. ते खरंच असणार, कारण सगळ्यांची शेवटी तीच बंद पडते. अंघोळ घालताना पुरुषमंडळींनी एकमेकांकडे बघितलं, हे मला नंतर कळलं. गळ्याच्या खाली धडधाकट, जेवलेल्या माणसाचं शरीर. वरती मात्र पार कवटी.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी – गेलेल्या माणसासाठी आमच्यात हा कार्यक्रम असतो – वंदनेला बसण्याआधी फोटो ठेवायचा होता. वहिनीनं लग्नातला फोटो काढला, हसरा, गोबऱ्या गालांचा. कचेरीतले एक साहेब हार घेऊन आले, फोटोकडे बघत राहिले आणि हळूच विचारलं, “आणि मनोहररावांचा फोटो कुठे आहे?” शेवटच्या महिन्यांतलं त्याचं तोंडच लोकांच्या डोळ्यांत राहिलं होतं. कोणीतरी नातेवाइकानं जाऊन भिंतीवरचं चित्र उतरवून आणलं आणि फुलांमध्ये ठेवलं. एकालाही शंका आली नाही. माणसं येत गेली, कोटातल्या माणसाला हार घालत गेली. “साहेबांचं चित्र फार छान काढलंय,” म्हणाली.

पुढे कितीतरी लोकांनी मला समजावलं. मुलगा बापावर जातो, बापाला जो काही रोग असेल तोच लेकाला झाला, त्यात आश्चर्य काय? ऐकायला बरं वाटतं. मीही बरेच दिवस तेच धरून बसले होते. पण कार्यक्रमाच्या दिवशीच आणखी एक गोष्ट झाली आणि तो आधारही गेला.

पंगत उठल्यावर गावाकडून एक म्हातारा आला. लक्ष्मणकाका, बाबरोबर खडी फोडायला त्याच पालात राहिलेला. बा गेला तेव्हा त्याच्याजवळ तोच होता आणि निरोप घेऊन मायकडे तोच आला होता. तो चित्रापुढे बसला. हात जोडले. मी सहज म्हटलं, “काका, हे आधी आमच्या बाचं म्हणून काढलं होतं. मायनं सांगितल्यावरून. जमलंय का?”

काका पुढे वाकला. 

“न्हाई गं पोरी,” तो म्हणाला. “ह्यो मनूच हाय. गोविंदाचं तोंड असं कुठं हुतं! शेवटच्या म्हयन्यात त्याचं तोंड सुजून हे एवढं झालं हुतं. डोळं मिटून गेले हुते सुजीनं. गाल तर कसे, टम्म. उपाशी माणूस असा फुगतोय, म्या लई बगितले तवा.”

लॅबमध्ये इतकी वर्षं काढलेली मी. पोटात अन्न नसलं, प्रोटीन नसलं की माणूस सुजतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण मायनं ते बघितलंच नव्हतं. तिनं मनात धरलेला उपाशी चेहरा तिचा स्वतःचाच होता, अंदाजानं केलेला, रोज भाकरी थापता थापता थोडा थोडा आत घेतलेला. मग माझा भाऊ कोणासारखा होऊन गेला? बासारखा नव्हे. दालमिलवाल्यासारखा नव्हे. जगात कधी नव्हत्याच अशा एका माणसासारखा. याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही, आणि कोणी देईल असंही आता वाटत नाही. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते.

मी मागे वळून बघितलं. माय दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती आता कोसळणार. ती सावकाश आली, चित्रापुढे बसली आणि पदरानं त्या काळ्या कोटावरची धूळ पुसली.

“न्हाई का त्यो?” ती काकाला म्हणाली. “बरं. असू दे. आता ह्यो मनू म्हनून राहील.”

मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात विचारलं, “मंग तुज्या बाला आता कुठं बगू गं, सुशे?”